कोलशेतच्या अंगणातलं जापानी फळ

खाडीकाठ
९ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहायला मात्र आजच बसलो. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट विचारता येणार नाही.

आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो. जुनं बैठं घर, मागे वीस बाय पंधरा फुटांचं अंगण. एक नारळ, शेवगा, कढीपत्ता, अनंत, तुळस. २०१७ साली मुलाचं लग्न झालं. सून कुल्लूची. माहेरी सफरचंदाची बाग, आणि बागेच्या बांधाला पर्सिमनची चार झाडं. तिकडे याला सगळे जापानी फळच म्हणतात, म्हणून आमच्याही घरात तेच नाव रूढ झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात तिच्या तोंडून या फळाचा विषय इतक्यांदा निघाला की मी एक दिवस जांभळी नाक्यावर जाऊन चार फळं शोधून आणली. चपटी, केशरी, टोमॅटोसारखी. तिने एक कापलं, खाल्लं, "छान आहे बाबा" म्हणाली. उरलेली तीन दोन दिवस टोपलीत तशीच पडून राहिली. घरच्या झाडाची सर बाजारच्या फळाला नाही, हे मी मनात धरलं.

२०१८ च्या जानेवारीत व्याह्यांकडे जाणं झालं तेव्हा त्यांच्याकडून एक कलम मागून घेतलं. थंडीत तिथे ही झाडं झोपलेली असतात, पान एकही नसतं, त्यामुळे मातीचा गोळा न ठेवता नुसती मुळं ओल्या शेवाळात आणि गोणपाटात गुंडाळून देतात. चंदीगडहून गाडीने घरी आणलं, गोणपाट सोडलं आणि पोटात गोळाच आला. मुळं कोळशासारखी काळी. वाटलं, प्रवासात कुजलं. टाकून देणार तेवढ्यात सुनेने व्याह्यांना फोन लावला. ते म्हणाले, याची मुळं काळीच असतात, नखाने जरा खरवडून बघा. खरवडलं तर आत पिवळसर, ओलं. त्या दिवशी संध्याकाळीच लावलं.

दोन फूट खड्डा, तांबडी माती, शेणखत, तळाला विटांचे तुकडे. झाड छान वाढलं. आज अकरा फूट आहे. पानं मोठी, तकतकीत, फणसाच्या पानासारखी पण हाताला मऊ. पहिली चार वर्षं फूल नाही. २०२२ च्या मार्चमध्ये अकरा फुलं आली. फिकट पिवळ्या छोट्या घंटा, मागे चार पाकळ्यांची रुंद हिरवी टोपी. सगळी गळली. पुढच्या वर्षी त्याहून कमी. या वर्षी नऊ आली आणि दोन फळं चक्क धरली. सुपारीएवढी झाली होती. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दोन्ही खाली.

प्रश्न दोन. ठाण्यात हे झाड कधी फळेल का, की मी उगाच आशा लावून बसलोय? शेजारी म्हणतात काढून टाका, तिथे चिकू लावा. दुसरं, व्याही दर नोव्हेंबरात एक पेटी कुरियरने पाठवतात. त्यातली अर्धी फळं वाटेतच लगदा होतात आणि अर्धी दगडासारखी कडक असतात. कडक असलेली खाल्ली तर काही गोड लागतात, काहींनी तोंड असं आखडतं की दहा मिनिटं जीभ हलत नाही. असं का होतं आणि त्यांचं काय करायचं?

बागडी
९ नोव्हेंबर

काका, मुळांचा किस्सा वाचून धस्स झालं. मी दोन वर्षांपूर्वी असंच एक रोप ऑनलाइन मागवलं होतं आणि काळी मुळं बघून कंपोस्टमध्ये टाकलं. आज कळतंय काय केलं ते.

झाडाला ऊन किती तास मिळतं? आणि पेटीतली सगळी फळं एकाच आकाराची असतात का?

खाडीकाठ
९ नोव्हेंबर

ऊन सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत. फळं दोन आकारांची येतात. काही चपटी, काही खाली टोक असलेली, मोठ्या काजूबोंडासारखी. व्याह्यांना आत्ताच फोन करून विचारलं. चपटी म्हणजे फुयू, टोकाची ती हाचिया. त्यांच्याकडे तीन झाडं फुयूची, एक हाचियाचं. आमचं कलम फुयूचं आहे.

मृगबहार
१० नोव्हेंबर

खाडीकाठ, मी फलोत्पादनाचं शिक्षण घेतलंय आणि अठरा वर्षं रोपवाटिकेचं काम केलंय, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. राग मानू नका.

पर्सिमन हे पानगळीचं झाड. हिवाळ्यात त्याला विश्रांती लागते आणि ती थंडीनेच मिळते. सफरचंदाच्या जुन्या जातींना सात अंशांखालचे हजारभर तास लागतात. पर्सिमनचं त्याच्या पाव हिश्श्यात भागतं, कधी त्याहूनही कमी. म्हणूनच कुल्लूच्या खालच्या पट्ट्यात, हजार-बाराशे मीटरवर, ते मजेत येतं. दक्षिणेत कुन्नूरलाही होतं, कारण निलगिरीची उंची. ठाण्यात मात्र जानेवारीच्या पहाटेही पारा बारा-तेराच्या खाली क्वचितच जातो. सात अंश आपण बघतच नाही. झाडाला झोप लागत नाही, अर्धवट डुलकी लागते. जुनी पानं गळायच्या आधी नवी फुटतात, फुलं थोडी आणि मागेपुढे येतात. तुम्ही वर्णन केलंय ते नेमकं हेच.

तरी काही करून बघता येईल. आपल्याकडे डाळिंबाला, पेरूला पाणी तोडून ताण देतात आणि बहार धरतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. इंडोनेशियात जावा बेटावर शेतकरी सफरचंदाच्या झाडाची पानं हाताने काढतात आणि त्याला खोटा हिवाळा देतात. तुमच्या झाडावर हाच प्रयोग करा. नोव्हेंबर अखेरीपासून पाणी बंद. डिसेंबरच्या मध्यावर पानं एकेक करून हाताने काढा, देठाजवळचा डोळा दुखावू देऊ नका. जानेवारी अखेरीस पाणी सुरू करा. छाटणी करत असाल तर तीही थांबवा, कारण याचे फुलांचे डोळे गेल्या वर्षीच्या फांदीच्या टोकाकडे असतात. टोक कापलं की त्या वर्षीची फुलं गेली. शेणखत कमी करा, नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फळं गळतात. आणि बुंध्याभोवती मातीचा उंचवटा करून पावसाचं पाणी बाहेर काढून द्या. जूनची गळ बरीचशी मुळाशी साचलेल्या पाण्यामुळे होते.

फुलं वाढतील असं वाटतं. फळ पिकेपर्यंत टिकेल का, याची खात्री मी देणार नाही. नुसतं फळ हवं असेल तर शेजाऱ्यांचा चिकू बरोबर आहे.

गच्चीवरची बाग
१० नोव्हेंबर

चिकू कशाला, याच घराण्यातलं उष्ण हवेतलं भावंड आहे की. काळा सपोटा. नावात सपोटा असला तरी चिकूचा कुणी नाही, पर्सिमनचाच सख्खा. मेक्सिकोकडचं सदाहरित झाड, थंडी लागत नाही. माझ्याकडे खारघरला गच्चीवर दोनशे लिटरच्या पिंपात आहे, केरळहून कलम मागवलं होतं. चौथ्या वर्षी फळ धरलं. फळ बाहेरून हिरवंच राहतं आणि पिकलं की आतला गर चॉकलेटच्या रंगाचा होतो. बोटाने दाबलं की खड्डा पडेल इतकं मऊ होऊ द्यायचं, आधी खाल्लं तर कडवट लागतं. चव अगदी सौम्य आहे. मी थोडं दूध, गूळ आणि वेलची घालून मुलांना देते.

झाडीपट्टी
११ नोव्हेंबर

मी गडचिरोलीकडचा, नोकरीमुळे वीस वर्षं ऐरोलीत. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. ज्याच्या पानांची बिडी होते तो तेंदू याच कुळातला आहे. शास्त्रीय नावात पहिला शब्द दोघांचा एकच, डायोस्पायरॉस. आबनुसाचं काळं लाकूड देणारं झाडही त्यातलंच.

आमच्याकडे त्या फळाला टेंभरं म्हणतात. उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामातच पिकतात. पहाटे चारला आई-बाबा पानं तोडायला रानात जायचे, आम्ही पोरं मागून. पानं खुडताना बाबांचं लक्ष फांदीवर असायचं. पिवळं टेंभरं दिसलं की ते खिशात. उन्हं चढेपर्यंत खिसा भरलेला. लिंबाएवढं फळ, पिवळी साल जरा कडक, देठाला तीच चार पाकळ्यांची टोपी जी खाडीकाठ यांनी लिहिली आहे. सोलून आतला गर चोखायचा, बिया थुंकायच्या. गोड, किंचित पिठूळ. आणि घाई करून हिरवट खाल्लं तर तोंडाची जी गत व्हायची ती हुबेहूब तुम्ही सांगितलीत.

मागच्या मे महिन्यात येऊरला पहाटे फिरायला गेलो होतो, तिथे एका वाटेवर हे झाड दिसलं. फळं नव्हती, पण पान हातात घेतल्यावर ओळख पटली. मागच्या बाजूने खरखरीत, जाड. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. गावाहून इतक्या लांब, इतक्या जवळचं काहीतरी.

बियांपासून लावायचं म्हटलं तर याचं सोटमूळ फार खोल जातं, कुंडीत धरत नाही. पण जमीन असेल त्यांनी जरूर लावा. आपल्या हवेतलं आहे, कुणाचे लाड मागत नाही.

उंबरठा
११ नोव्हेंबर

तोंड का आखडतं याचं उत्तर मी देते. मी नेरूळला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि दर वर्षी टॅनिन शिकवताना हेच फळ वर्गात नेते.

आपल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. कच्च्या हाचियात पाण्यात विरघळणारं टॅनिन भरपूर असतं. ते या प्रथिनांना धरून त्यांचे कण करून टाकतं. बुळबुळीतपणा संपला, जीभ टाळ्याला घासायला लागली, त्यालाच आपण तुरट म्हणतो. ही खरं तर चव नाही, स्पर्श आहे. फुयूतलं टॅनिन फळ झाडावर वाढत असतानाच कमी होतं आणि न विरघळणारं बनतं, म्हणून ती कडक असतानाही सफरचंदासारखी चावून खाता येते. हाचियात हे काम फळ पूर्ण मऊ पडल्यावर होतं. म्हणजे खाडीकाठ, तुमच्या पेटीतली चपटी लगेच खा, टोकाची थांबवून ठेवा.

ती लवकर पिकवायची तर तांदळाच्या डब्यात एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा. केळ्यातून जो इथिलीन वायू सुटतो त्याने फळ पिकतं. जपानमध्ये देठाकडच्या टोपीला कडक दारूचा थेंब लावून फळं बंद पिशवीत ठेवतात. त्याने फळात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि टॅनिनचे रेणू एकमेकांना चिकटून इतके मोठे होतात की विरघळतच नाहीत. टॅनिन फळातच असतं, पण जिभेला लागत नाही.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी पिकलेल्या हाचियाचा गर नुसता खाऊन पाहिला, मधासारखा होता. म्हणून दिवाळीला त्याचा हलवा करायला घेतला. तूप, गर, मंद आच, वीस मिनिटं परतलं. पहिला घास घेतला आणि तोंड बंद झालं. सगळा तुरटपणा परत आलेला. उष्णतेने ते बांधलेलं टॅनिन पुन्हा सुटतं. पाऊण किलो गर, दीड वाटी तूप, सगळं गेलं. हाचिया शिजवू नका. थंडच खा. घट्ट काही हवं असेल तर पिकलेला गर थंड दुधात घुसळून वाट्यांत ओता आणि फ्रीजमध्ये ठेवा. फळातल्या पेक्टिनला दुधातलं कॅल्शियम मिळतं आणि तासाभरात ते खरवसासारखं थरथरीत लागतं. चायनाग्रास, जिलेटिन काही लागत नाही.

सुखद
११ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणून एवढंच सांगते. कच्ची तुरट फळं रिकाम्या पोटी आणि खूप खाऊ नका. टॅनिन जठरातल्या आम्लात घट्ट होतं आणि त्याचा गोळा बनू शकतो. ज्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा मधुमेहामुळे पोट हळू रिकामं होतं त्यांनी विशेष जपावं. पिकलेलं एखादं फळ जेवणानंतर खायला इतरांना काही हरकत नाही. मधुमेहींनी त्यातली साखर मात्र मोजावी, बरीच असते.

सीवूड्सकर
१३ नोव्हेंबर

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं नागोयाला होतो. शेजारचा गिफू प्रांत म्हणजे फुयूचं माहेर. नोव्हेंबरात तिथल्या गावांतून गेलं की घराघरांच्या ओसरीला केशरी फळांच्या माळा टांगलेल्या दिसायच्या. त्याला होशिगाकी म्हणतात. तुरट फळंच घ्यायची, सोलायची, देठाला इंग्रजी टी सारखा फांदीचा तुकडा राखायचा म्हणजे दोरी बांधता येते. आठवड्याने वरची कातडी सुकली की दर दोन-तीन दिवसांनी हलक्या हाताने चोळायचं. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. त्या फळ चोळताना बोलायच्या नाहीत. अंगठा आणि दोन बोटं, तान्ह्या बाळाच्या टाळूला तेल जिरवावं तशी. महिना-दीड महिन्याने फळातली साखर बाहेर येऊन वर पांढरी भुकटी धरते. चव खारीक आणि अंजीर यांच्या मधली.

परत आल्यावर हौसेने सीवूड्सच्या बाल्कनीत बारा फळं टांगली. उकळत्या पाण्यातून दहा सेकंद काढून घेतली होती, बुरशी येऊ नये म्हणून. पाचव्या दिवशी देठाकडे हिरवी बुरशी. खाडीवरची दमट हवा आणि नोव्हेंबरातली बत्तीस अंशांची दुपार, त्याला कोरडा गार वारा पाहिजे. आता मी पाव इंचाच्या चकत्या करून ओव्हनमध्ये सर्वात कमी आचेवर, दार किंचित उघडं ठेवून सात-आठ तास वाळवते. पांढरी भुकटी येत नाही, पण खायला सुरेख.

खाडीकाठ, तुमच्या झाडाला सात वर्षं होत आली म्हणालात. जपानमध्ये म्हण आहे, पीच आणि चेस्टनट तीन वर्षं, काकी (म्हणजे हेच पर्सिमन) आठ वर्षं. ती बियांच्या झाडाबद्दल आहे, कलमाबद्दल नाही, तरी तुमचं वाचताना तीच आठवली. आणखी एक. तिथे तोडणी झाली तरी एक फळ झाडावर मुद्दाम राखतात. किमामोरी, म्हणजे झाडाचा राखणदार. पाखरांसाठीही असतं ते. पानं गेलेल्या काळ्या फांद्या आणि टोकाला एकच केशरी फळ, हे मी कधी विसरणार नाही.

झाडीपट्टी
१३ नोव्हेंबर

ताई, आमची आजीही मोहाच्या नि टेंभराच्या झाडाला कधी पूर्ण ओरबाडू द्यायची नाही. "पाखराचं ठेवा" एवढंच म्हणायची.

दिवाकोळी
१४ नोव्हेंबर

टॅनिनवरून आठवलं म्हणून लिहितो. नायलॉन येण्याआधी आमच्याकडे जाळी सुती असायची. आजोबा ऐनाची साल मोठ्या भांड्यात उकळून त्या लाल काढ्यात जाळी बुडवायचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजत नाहीत. ते पण टॅनिनच का?

उंबरठा
१४ नोव्हेंबर

हो, तेच. बंगालमध्ये याच कामाला गाब नावाचं फळ वापरायचे. तेही डायोस्पायरॉस, आपल्याकडे त्यालाही टेंभुर्णीच म्हणतात. त्याच्या कच्च्या फळांचा रस जाळ्यांना आणि होड्यांच्या तळाला लावायचे. जपानमध्ये कच्च्या तुरट काकीचा रस आंबवून कागदाला, लाकडाला, जाळ्यांना लावतात. तीन किनारे, एकच तुरटपणा. तुमच्या आजोबांची कृती सविस्तर लिहाल का? वेगळा धागा काढा, फार मोलाचं आहे.

कुल्लूवाली
१६ नोव्हेंबर

नमस्कार. मी ती सून. माझ्या नवऱ्याने हा धागा काल रात्री दाखवला. माझं मराठी बोलणं बरं आहे, लिहिणं अजून शिकते आहे, चुका झाल्या तर सांगा.

बाबा, मी हे घरात सांगू शकले असते, पण सात वर्षं सांगितलं नाही, आणि आता सगळ्यांनी एवढं लिहिलं आहे तर इथेच लिहिते.

तुम्ही जांभळी नाक्यावरून आणलेली फळं चांगली होती. ती शिळी होती म्हणून मी ठेवली असं नाही. ती फुयू होती. आमच्या घरी फुयू बाजारात जायची. आम्ही घरात खायचो ती बांधावरच्या एकाच झाडाची, टोकाची. दादी ती कडक असताना तोडायची, देठासकट, आणि वरच्या खोलीत गवतावर एकेक वेगळी मांडायची, एकमेकांना लागू न देता. त्या खोलीत कोणी पळायचं नाही. डिसेंबर संपताना साल काचेसारखी व्हायची, आतला गर बाहेरून दिसायचा. रात्री पाळा पडायचा तेव्हा दादी चार फळं छतावर ठेवून द्यायची. सकाळी ती वरून बर्फ आणि आत शरबत. आम्ही भावंडं उन्हात बसून, टोपी काढून, चमच्याने खायचो. एक फळ संपवायला अर्धा तास लावायचा, कारण दुसरं मिळणार नसायचं.

मी ज्याची आठवण काढत होते ते हे. तुम्ही इतक्या थंडीत पप्पांकडून कलम मागितलं, ते मांडीवर घेऊन गाडीत दीड दिवस बसलात, तेव्हा ते फुयूचं आहे हे मला कळत होतं. कसं सांगणार होते.

झाड काढू नका. चिकू समोरच्या कोपऱ्यात लावू, तिथे शेवग्याची सावली नाही. माझ्या मुलीने या झाडाखाली बसून बाराखडी केली आहे.

बागडी
१६ नोव्हेंबर

ताई, तुमचं मराठी अगदी छान आहे. डोळ्यांत पाणी आलं.

पाळा हा शब्द तिकडचा ना? आपण दहिवर म्हणतो, गोठलेलं असेल तर हिम. तुमचाच शब्द राहू द्या.

उंबरठा
१६ नोव्हेंबर

कुल्लूवाली, तुमच्या दादींनी जे केलं त्यामागेही कारण आहे. फळ गोठलं की पेशी फुटतात आणि तुरटपणा बराच जातो. घरच्या फ्रीजरमध्येही जमतं. पिकत आलेलं हाचिया रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढून अर्धा-पाऊण तास थांबा, टोपी कापा आणि चमचा घाला. छत नाही, ऊन तेवढं ठाण्याचं.

खाडीकाठ
१७ नोव्हेंबर

काल रात्री हे वाचलं आणि बराच वेळ मागच्या पायरीवर बसलो. सकाळी चहा घेताना तिला म्हटलं, पोरी, सांगायचंस. ती म्हणाली, सांगितलं ना आता. दोघांचं पुढे बोलणं झालं नाही.

व्याह्यांना फोन केला. या वर्षीची पेटी निघून गेली आहे. पुढच्या वर्षी फक्त हाचिया पाठवा, कडक असतानाच, देठ ठेवून, एकेक कागदात गुंडाळून, असं सांगितलं. ते म्हणाले, ती तर प्रवासाला फुयूपेक्षाही चांगली, मला वाटायचं मुंबईकरांना तुरट आवडणार नाहीत म्हणून थोडीच घालायचो.

मृगबहार, तुमचा प्रयोग करणार आहे. रागाचा प्रश्नच नाही, इतकं नीट समजावून कुणी सांगितलं नव्हतं. उंचवटा आजच करून घेतला.

खाडीकाठ
२० जुलै २०२५

धागा वर काढतोय. पानं डिसेंबरात काढली, नातीने मोजली, चारशे बारा भरली. पाणी सांगितल्याप्रमाणे तोडलं. मार्चमध्ये तेवीस फुलं आली, आजवरची सर्वात जास्त, आणि बहुतेक एकाच आठवड्यात. सात फळं धरली. यंदा पाऊस मेमध्येच सुरू झाला, चार तेव्हाच गळली. दोन जूनमध्ये. शेवटचं परवा पडलं, लिंबाएवढं झालं होतं. कापून पाहिलं. आत बी नव्हतं, गर पांढुरका, मधोमध आठ पाकळ्यांचं चांदणं. सुनेने जिभेला लावून पाहिलं, तुरट.

मृगबहार
२१ जुलै

लिंबाएवढं म्हणजे ठाण्याच्या मानाने फार पुढे गेलात. बी नसणं ठीकच आहे, फुयू परागीभवनाशिवाय धरते, पण तशी फळं लवकर सुटतात. या वर्षी सप्टेंबरनंतर राख द्या, पालाश मिळेल. पानं पुन्हा काढा, पण आठवडाभर उशिरा. मला पुढचं जरूर कळवा, मी वाट बघतोय.

खाडीकाठ
२३ नोव्हेंबर २०२५

पेटी दहा तारखेला आली. चोवीस हाचिया, एकही फुटलेलं नाही. सुनेने वरच्या माळ्यावर जुन्या चादरीखाली भाताचा पेंढा पसरला, पेंढा कशेळीहून आणला होता, आणि एकेक फळ टोपी खाली करून मांडलं. सहा फळं मात्र तांदळाच्या डब्यात केळ्यासोबत ठेवली, कारण नातीला धीर नव्हता. डब्यातली सहाव्या दिवशी मऊ झाली. माळ्यावरची काल. ठाण्याच्या उकाड्यात दादींच्या दीड महिन्याचं काम तेरा दिवसांत झालं. साल खरंच काचेसारखी होते, दिव्यासमोर धरलं की आतल्या शिरा दिसतात.

चार फळं काल रात्री फ्रीजरमध्ये ठेवली होती. आज रविवार, सगळे घरी. सकाळी मागच्या पायरीवर उन्हात बसून खाल्ली, प्रत्येकी एक. माझं फळ संपायला वीस मिनिटं लागली. सुनेचं अजून चाललं होतं.

आमच्या झाडाची पानं कडेने पिवळी पडायला लागली आहेत. पेटीतलं एक फळ तिने सुतळीने झाडाच्या शेंड्याकडच्या फांदीला बांधलं आहे, मला शिडी धरायला लावली. दुपारी तीनच्या सुमारास त्यावर तांबट येऊन बसला होता.